उपकारस्तुतीची पेटी

आमचे हे शवपेट्या करतात आणि धाकटे भावजी पाळणे, पलंग, कपाटं. सासऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये मधोमध फळ्यांची भिंत घालून दोघांनी कामं वाटून घेतली, तेव्हा ह्यांनीच शवपेट्या मागून घेतल्या. का, तर त्यात गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. पण भिंतीपलीकडून "वा, काय सुंदर पाळणा केलात हो!" असं ऐकू आलं, की ह्यांचा रंधा थांबायचा आणि जेवताना तोंड फुगलेलं असायचं.

"माझ्या कामाला कोणी कधी चांगलं म्हटलंय?"

"तुमचं गिऱ्हाईक तर डोळे मिटून माल घेतं," मी म्हणायचे. "आणखी काय हवं?" ह्यांना हसू यायचं नाही.

आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, रविवारी ज्याने त्याने आपल्या हातचं काहीतरी वेदीपुढे ठेवायचं असतं. बेकरीवाला पाव ठेवतो, माळी भोपळे. भावजी पाळणा ठेवतात आणि बायका त्याच्याभोवती गोळा होतात. आम्हीही भोपळाच ठेवायचो, तोही विकतचा. यंदा हे म्हणाले, "मीही माझ्या हातचं नेणार." मला वाटलं, एखादं स्टूल असेल.

ह्यांनी पेटी नेली. पूर्ण मापाची, चकचकीत पॉलिशची, पितळी कड्यांची, हातगाडीवरून. मी बरीच मागून, ओळख नसल्यासारखी चालत होते.

पेटी दारातून आत आली आणि अख्खी मंडळी उठून उभी राहिली. ऑर्गनवाल्या बाईंनी आनंदाचं गीत अर्ध्यात सोडलं आणि हाताच्या सवयीने अंत्यविधीचं धरलं. बेकरीवाल्याची बायको हुंदके देत शेजारणीला विचारू लागली, "पण गेलं कोण?" सगळे माना वळवून कोण आलेलं नाही ते बघायला लागले. तेवढ्यात शाळेचे हेडमास्तर उशिरा आले, तर दोघातिघांनी त्यांना मिठीच मारली.

"कोणाची आहे?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"कोणाची नाही," हे म्हणाले. कान लालबुंद झाले होते. "उपकारस्तुतीची आहे."

पेटी पाळण्याशेजारी ठेवली गेली. कोणी हसलं असतं तरी चाललं असतं, पण बायका पेटीला वळसा घालून पाळण्याभोवती गोळा झाल्या. एवढा जीव ओतून केलेलं काम, आणि एक शब्द नाही. मला ह्यांचा राग आला होता, तो विरघळला.

मग निवृत्त नर्सबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांनी पेटीवरून हात फिरवला.

"आमचे हे भलतेच उंच," त्या ह्यांना म्हणाल्या. "जन्मभर पलंगावर पाय दुमडून झोपले. पाय पसरून निवांत झोपलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्या पेटीत. त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहून गेले." मग भावजींकडे वळून म्हणाल्या, "पलंग तुमचा होता."

सगळं चर्च भावजींकडे बघायला लागलं. भावजी बुटांकडे बघत होते. इतकी वर्षं ह्यांनी ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आयता समोर आला होता. मी मनात म्हटलं, झालं, आता हे जिभेला धार लावणार.

"बाई, पलंग चांगलाच होता," हे म्हणाले, "मी पाहिलाय. यजमानच उंच होते." मग शेजारच्या पाळण्याला हात लावून म्हणाले, "पाळणाही सुरेख झालाय."

भावाच्या कामाबद्दल ह्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला चांगला शब्द. नवरा त्या दिवशी मला फार आवडला.

पाळकसाहेबांनी ह्यांनाच प्रार्थना करायला सांगितली. "प्रभू," हे म्हणाले, "मला वाटायचं, भावाला बरं काम दिलंस आणि मला उरलेलं. तसं नव्हतं. तुझे उपकार." एवढंच. आमेन मात्र दणदणीत झालं.

उपासनेनंतर पाव आणि भोपळे वाटले गेले. पेटी कोणी घेईना. शेवटी दोघा भावांनी दोन टोकं धरून ती घरी आणायला घेतली. रस्त्यातले लोक गंभीर होऊन बाजूला होत होते, टोप्या काढत होते. आणि पुढे भावजी, मागे हे, दोघं असे खदखदून हसत होते, की मला ओरडावं लागलं, "अहो, निदान वळणापर्यंत तरी तोंड रडवेलं ठेवा."