अनुमोदक

एल्डन रॅडमाकरनं मांस कुटायचा लाकडी हातोडा टेबलावर दोनदा आपटला आणि समोर बसलेल्या एकुलत्या एका बाईला शांतता राखण्याची विनंती केली. बाई शांतच होती. ती थर्मासमधून कॉफी ओतत होती. पण सभेचा खरा हातोडा त्र्याण्णवच्या पुरात वाहून गेल्यापासून एल्डन जरा जास्तच जोरानं आपटायचा. स्वयंपाकघरातल्या वस्तूला अधिकार यायला थोडा जोर लागतो.

“हजेरी,” तो म्हणाला.

व्हर्ना टिब्जनं वही उघडली. “अध्यक्ष रॅडमाकर?”

“हजर.”

“चिटणीस टिब्ज?” तिनं विचारलं आणि किंचित वेगळ्या आवाजात उत्तर दिलं, “हजर.”

अशा रीतीनं टॉलिव्हर बेंडची सगळी लोकसंख्या सभागृहात जमली. सभागृह म्हणजे आगीच्या बंबाची जुनी शेड. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी दोन वाजता. कायद्यानं सभासद सातजण हवेत. पण जिल्ह्यानं ते विचारणं केव्हाच सोडलं होतं आणि यांनी आपण होऊन सांगितलं नव्हतं. सभा चालू असेपर्यंत दोघं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत. हातोड्याच्या आधी आणि नंतर ‘तू’. एल्डनचा कुत्रा व्हर्नाचे ट्यूलिप उकरायचा त्या काळात तर त्याहूनही खालचं.

पहिले तीन विषय झाले. विषय क्रमांक चार गेल्या सोळा महिन्यांत बदलला नव्हता: गाव बरखास्त करून जिल्ह्यात विलीन करावं.

एल्डन एक्याऐंशीचा होता. पिओरियाला त्याच्या लेकीनं, मार्लीननं, तळमजल्यावरची खोली तयार ठेवली होती. न्हाणीघरात बसायचं स्टूलही आणलं होतं आणि ते अजून प्लास्टिकच्या वेष्टणात होतं. त्याची जायची तयारी होती. पण अध्यक्षानं चालू गाव तसंच टाकून निघणं म्हणजे शेगडी पेटती ठेवून घराबाहेर पडण्यासारखं, असं त्याचं मत. आधी गाव रीतसर बंद व्हायला हवं. आणि रीत अशी की ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक एल्डन होता. उरलेल्या लोकसंख्येतून अनुमोदक निवडणं अवघड नव्हतं.

व्हर्ना कधी ‘नाही’ म्हणाली नाही. ती फक्त गप्प बसायची. एल्डन चष्मा काढायचा, दोन्ही काचा सावकाश पुसायचा, पुन्हा चढवायचा. मग ती वहीत लिहायची: अनुमोदक न मिळाल्यामुळे ठराव बारगळला. आजवर सोळा वेळा. कारण त्यानं कधी विचारलं नाही. एल्डन गेला की संध्याकाळी व्हर्नाच्या खिडकीतून दिसणारा एकमेव दिवा जाणार होता, आणि ही काही इतिवृत्तात घेण्यासारखी बाब नव्हती.

फेब्रुवारीत तो मागच्या पायरीवर बर्फावरून घसरला. नेमकी त्याच दिवशी व्हर्ना दाताच्या डॉक्टरकडे नदीपलीकडे गेली होती. चार तास तो तिथंच होता. “बसलोच होतो, तर म्हटलं नदी बघू,” असं त्यानं तिला सांगितलं. मार्लीनला त्यानं काहीच सांगितलं नाही. ते व्हर्नानं सांगितलं. तेव्हापासून मार्लीन दर रविवारी व्हर्नाला फोन करायची.

“मिसेस टिब्ज, बाबा म्हणतात सभेत मंजूर होत नाही,” परवा ती म्हणाली होती. “एवढं कोण अडवतंय? माणसं किती आहेत विरोधात?”

“विरोध बराच आहे,” व्हर्ना म्हणाली होती.

“विषय चार,” एल्डननं वाचलं. “गाव बरखास्त करावं. सूचक मी. अनुमोदक नाही. विषय पाच, गावाच्या पाटीभोवतीचं गवत.”

आज त्यानं चष्म्याला हातही लावला नाही. मध्ये स्वल्पविरामाएवढीसुद्धा जागा सोडली नाही. व्हर्नाची पेन्सिल ‘बारगळला’च्या ‘बा’वर थांबली.

“अनुमोदन,” ती म्हणाली.

“गेल्या वर्षी आपण जुलैत कापलं होतं, पण यंदा पाऊस—”

“अध्यक्षमहाशय, मी अनुमोदन दिलंय.”

“कशाला?”

“चारला.”

एल्डननं कागद डोळ्यांजवळ नेला. विषय चार तिथं होताच. “तुमची तब्येत बरी आहे ना?”

“हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर नाही.”

तो थोडा वेळ हातोड्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, “चर्चा.”

चर्चेला तो मुळीच तयार नव्हता. व्हर्ना होती. तिनं पर्समधून जिल्ह्याचा अर्ज काढला. अर्जात दोन रकाने भरायचे होते, गावाचा थोडक्यात इतिहास आणि आजची लोकसंख्या. पहिला रकाना आधीच भरलेला होता. कागदाच्या घड्या जुन्या होत्या, फेब्रुवारीइतक्या तरी. एल्डननं त्या पाहिल्या.

“अठराशे एकेचाळीस साली एमोस टॉलिव्हर यांनी गाव वसवलं,” तिनं वाचलं.

“वसवलं कुठलं? बोट गाळात रुतली त्याची.”

“रुतलेल्या बोटीवर बारा दिवस थांबून त्यांनी गाव वसवलं.”

“प्यालेला होता, तेही लिहा.”

“रकाना लहान आहे.” तिनं पुढं वाचलं. “शिंपल्यांच्या बटणांचा कारखाना. एकोणीसशे दहा साली लोकसंख्या अकराशे चाळीस. अर्ध्या देशाच्या सदऱ्यांना टॉलिव्हर बेंडची बटणं होती.”

“पाव देशाच्या.”

“मरताना तरी अर्धा देश घेऊ द्या की गावाला.”

“घ्या.”

“पुढं प्लास्टिक आलं. एकोणीसशे त्र्याण्णवला नदी आली.”

“नदी आधीपासून होती.”

“सभागृहात आली. सरकारनं घरं विकत घेऊन पाडली. सगळे लोक टेकडीवर राहायला गेले.”

“सगळे नाही,” एल्डन म्हणाला.

व्हर्नानं ‘सगळे’ खोडलं आणि वर बारीक अक्षरात ‘बहुतेक’ लिहिलं. “आजची लोकसंख्या दोन.”

“लॉनी पर्किसला धरा.”

“तो हाऊसबोटीत राहतो.”

“पाणी चढलं की बोट हद्दीत येते. पुरात आपण तीन असतो.”

“आज पाणी किती आहे?”

“अकरा फूट.”

“मग दोन,” व्हर्ना म्हणाली आणि तिनं तो आकडा लिहिला. रकाना मोठा होता. बहुधा मोठ्या गावांसाठी केलेला. तिचा दोन त्यात एका कोपऱ्यात बसला.

मग मतदान झालं. एल्डननं होकार दिला. व्हर्नानं स्वतःचं नाव पुकारलं, कॉफीचा घोट घेतला आणि होकार दिला. हातोडा एकदाच पडला, तोही हळू.

“एकमतानं मंजूर,” एल्डन म्हणाला. तिचं लिहून होईपर्यंत तो भिंतीकडे बघत होता. “मार्लीनला आजच कळवतो. शनिवारी गाडी घेऊन येईल ती.”

“शनिवारी ऊन आहे म्हणतात.”

“हे इतिवृत्तात नको.”

“नाही घेत.”

गवताचा विषय आपोआप जिल्ह्याकडे गेला. एल्डन उठला. एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून दुसऱ्या हातानं त्यानं टोपी डोक्यावर घातली, मग थर्मासचं झाकण शोधून तिच्यापुढं सरकवलं.

“सभा समाप्त करावी, असा ठराव मी मांडतो.”

बाहेर नदीत मालाच्या तराफ्यांची रांग प्रवाहाविरुद्ध वर चालली होती. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. एवढी लांब रांग वळण पार करायला दहा मिनिटं तरी घेते. व्हर्ना वहीवर दोन्ही तळवे ठेवून बसली होती.

“चिटणीस,” एल्डन म्हणाला. “समाप्तीचा ठराव आहे.”

“ऐकला.”

तो उभाच राहिला. खुर्चीच्या पाठीवरची त्याची बोटं पांढरी पडत चालली होती. शेवटचा तराफा वळणाआड गेला, काचा थांबल्या, आणि शेडमध्ये इतकी शांतता झाली की कुणाला ती राखण्याची विनंती करायची गरज नव्हती.

“अनुमोदक नाही,” तो शेवटी म्हणाला. “ठराव बारगळला. लिहून घ्या.”

तिनं लिहून घेतलं. एल्डननं टोपी काढून टेबलावर उपडी ठेवली आणि टेबलाच्या कडेला धरून, दोन टप्प्यांत, खाली बसला.

“पुढचा विषय काय आहे?”

व्हर्नानं पान उलटलं. पान कोरं होतं. तिनं त्यावर मनगट टेकवून पेन्सिल धरली.

“आहेत दोन-तीन,” ती म्हणाली.