वीतभर खालची माती

मी बरणी बोलतेय. काचेची, रुंद तोंडाची, लाल झाकणाची. बोलावं की नाही यावर मी बराच विचार केला. पोटात जे दिलं ते सांभाळावं आणि गप्प बसावं, एवढंच मला येतं. पण आता गप्प बसवत नाही.

जन्म भट्टीतला. कुठल्या भट्टीतला, ते आठवत नाही. जाणती झाले ती रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, काळुरामच्या दुकानात. सहा वर्षं लिमलेटच्या गोळ्या सांभाळल्या. मुलं माझ्या अंगावर बोट टेकवून रंग निवडायची, त्यामुळे मी कायम चिकट. काळुरामने प्लॅस्टिकच्या बरण्या आणल्या आणि समीक्षाने मला मागून घेतलं.

समीक्षा म्हणजे दोन वर्षांच्या मैनाची आई. बारावी शिकलेली, नवरा कंपनीत शिफ्टला. माझ्यात ती मैनासाठी नाचणीचं सत्त्व ठेवायची. ते तीनदा चाळायची, कारण पहिल्या दोन वेळा नीट चाळलं यावर तिचा स्वतःचाच विश्वास नसे. आणि मैना खायची काय? माती. आईची पाठ वळली की मूठ तोंडात.

वस्तीमागे एक खळगा होता. वर्षानुवर्षं तिथे कचरा पडला. एक भंगारवाला जुन्या बॅटऱ्याही तिथेच फोडायचा. पुढे खळगा बुजवला, गवत उगवलं, आणि १९९७ साली तिथे बालवाडी बांधायचं ठरलं. सगळे खूश. समीक्षाने मात्र अर्ज केला, ‘आधी माती तपासा.’ अर्ज देऊन आली आणि दोन दिवस भांडी घासता घासता पुटपुटत राहिली, “जास्तच केलं का मी?”

तपासणीसाठी प्रयोगशाळेतून दिपिकाताई येणार होत्या. त्यांना आणायला समीक्षा रोहा स्टेशनवर गेली. गाडीला दोन तास उशीर. तेवढ्यात इकडे तिच्या सासूबाई, ठमाबाई, शेजारणींना घेऊन कामाला लागल्या. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हणजे आधी अंगण सारवायचं. बायकांनी डोंगराकडची तांबडी माती टोपल्यांनी आणून खळग्यावर ओतली, चोपली, शेणाने सारवली. वर रांगोळी काढली.

दिपिकाताईंची बाटली प्रवासात फुटली होती, म्हणून समीक्षाने मला रिकामी करून नेलं. “मुलांचे हात वरच्या मातीला लागतात, तीच घेऊ,” असं म्हणत ताईंनी चार ठिकाणची माती माझ्यात भरली. तांबडी, मऊ, छान वासाची. कबूल करते, मला हायसं वाटलं.

समीक्षाने मला उजेडात धरलं. काचेचा तुकडा नाही, प्लॅस्टिकचा धागा नाही.

“आई, ही माती कुठली?”

“डोंगराची. एवढी शिकलेली बाई यायची, तिला काय उकिरडा दाखवायचा गो?”

“त्यांना उकिरडाच बघायचाय.”

“व्हय का? मग तुला बघायला आलो तवा तुझ्या आईने घर कशाला सारवलेलं?”

बायका हसल्या. समीक्षाचे कान लाल झाले. आणखी एक शब्द म्हणजे चारचौघींत सासूची सकाळ मातीत घालणं. न बोलली तर अहवाल चांगला येणार, बालवाडी इथेच होणार, आणि मैना इथेच बसून मुठी भरणार. तिने माझं झाकण फिरवून काढलं. मग तिने मला पालथं केलं.

“ताई, वीतभर खालून घ्या. ही खळग्याची माती नाही.”

तिने खणायला कुदळ उचलली. ठमाबाईंनी ती तिच्या हातातून ओढून घेतली. “सर बाजूला. तुला ती धरता पण येत नाय.” आणि स्वतःच्या हाताने सारवलेली जागा स्वतःच फोडली.

खालून काळी माती आली. बाटल्यांच्या काचा, म्हणजे माझीच भावकी. चिंध्या, बॅटऱ्यांचा करडा चुरा. ती माझ्यात भरली. अर्धी ताईंनी पिशवीतून नेली. अर्धी पुरावा म्हणून माझ्यातच ठेवून झाकणाला लाख लावली, चिठ्ठी डकवली.

महिन्याने अहवाल आला. मातीत शिसं होतं, मुलांच्या खेळायच्या जागी चालतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. बालवाडी शाळेच्या पडवीत भरू लागली, खळग्याला कुंपण आलं. मैना आता पडवीचा चुना खाते. समीक्षाला नवी काळजी.

दोन वर्षं मी फळीवर आहे. आता ऐकते, त्या जागेवर घरं बांधायचीत आणि वरची माती म्हणे चांगली आहे. परवा शेजारची इंदुबाई म्हणाली, “एवढी चांगली बरणी अडकवून ठेवलीत? द्या, लोणचं भरते.” ठमाबाईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं.

“ती आमच्या सुनेची हाय. तिला हात लावायचा नाय.”

समीक्षा आत पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

माझंही मागणं तेवढंच. नाचणीच्या सत्त्वाची आठवण येते, नाही असं नाही. पण त्या खळग्यावर कुणी मूल बसवायचं म्हणतंय, तोवर माझं झाकण उघडू नका. मला अशीच, काळी, भरलेली राहू द्या.