हौदातलं पाणी

ताईने हीटरची पिन भिंतीतून ओढून काढली, वायरची नीट गुंडाळी केली आणि ती खुर्चीच्या पाठीला अडकवली. मग वाकून हौदात कोपरापर्यंत हात घातला. पाणी नळातून आलं तसंच होतं, हाडाला झोंबणारं. शनिवारचे चार वाजले होते आणि बाप्तिस्मा रविवारी सकाळी दहाला होता. तोवर हीटर चालू राहिला असता तर पाणी अंगाला सोसेल इतकं झालं असतं, आणि गेली एकवीस वर्षं ते तसं करणं हेच तिचं काम होतं. व्यासपीठाच्या फळ्या उचलायच्या, खालचा हौद घासायचा, पाइप लावून भरायचा, हीटर सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी भिजून वर आलेल्या माणसाला टॉवेलात गुंडाळायचं. प्रार्थनामंदिरात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत आणि तिच्या कामात कोणी नाक खुपसत नसे.

उद्या त्या पाण्यात हेडमास्तर उतरणार होते. वय एकोणऐंशी, त्यात छातीचा त्रास. ते मरावेत असं काही तिच्या मनात नव्हतं. हुडहुडी भरावी, चारचौघांत दातावर दात आपटावेत, एवढंच तिला हवं होतं. निदान ती स्वतःला तसं सांगत होती.

तिचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना याच हेडमास्तरांनी त्याला वर्गासमोर उभं केलं होतं आणि दोन्ही तळहात एकदम त्याच्या दोन्ही कानांवर मारले होते. गुन्हा काय, तर पोरगा खिडकीबाहेर बघत होता. एक कान त्याच दिवशी गेला, दुसरा वर्षभरात. धाकट्याने आता पन्नाशी गाठली होती. तो खुर्च्या विणायचा, तिच्याकडेच राहायचा आणि समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचा. त्याच्यापायी ताईने लग्न केलं नाही असं लोक म्हणत. तिनेही ते कधी खोडून काढलं नाही.

पंधरा दिवसांपूर्वी ती प्रार्थनामंदिराच्या पाळकांकडे गेली होती.

"बाप्तिस्म्याआधी हेडमास्तर साक्ष देतील ना, तेव्हा त्यांनी ते सांगितलं पाहिजे. सगळ्यांसमोर, माझ्या भावाचं नाव घेऊन."

"मी विचारलं त्यांना. त्यांना आठवत नाही, ताई. खूप पोरांना मारलं, एवढंच आठवतं."

"मग आठवेपर्यंत थांबवा त्यांना."

"थांबवणारे आपण कोण? तारण कृपेने मिळतं. लायकी बघून द्यायचं ठरवलं तर हौद कोरडाच राहील. तुम्हाला कोणी थांबवलं होतं का?"

"मी काय केलं होतं?"

पाळक वही उघडून रविवारच्या यादीकडे वळले, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. घरी येऊन तिने धाकट्याकडे विषय काढला, तर त्याने हात झटकला.

"त्यांना आठवत नाही, मला आठवतं. झालं की," तो त्याच्या मोठ्या, एकसुरी आवाजात म्हणाला आणि वेताची पट्टी ओढू लागला.

रविवारी बाहेर गवतावर दव गोठलं होतं. मंडळी कोट घालूनच बसली होती. हेडमास्तर पांढऱ्या झग्यात उभे राहिले आणि त्यांनी साक्ष दिली. मी गर्विष्ठ होतो, बायकोशी कधी धड बोललो नाही, पोरांना गुरासारखं बडवलं, माझ्याकडे देवाला दाखवण्यासारखं काही नाही. ताई टॉवेल घेऊन पायऱ्यांपाशी उभी होती आणि एका नावाची वाट बघत होती. साक्ष संपली. पहिल्या रांगेत बसलेल्या धाकट्याने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

रिवाजाप्रमाणे पाळक आधी हौदात उतरले. पाणी कमरेला लागताच त्यांचा श्वास अडकला. त्यांनी मान वर करून सरळ ताईकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही.

"सर, पाणी फार गार आहे," ते हेडमास्तरांना म्हणाले. "पुढच्या रविवारी करू."

"पुढचा रविवार मला दिसेल याची हमी देता का?" हेडमास्तर म्हणाले. मंडळी हसली आणि ते पायरी उतरले.

अजूनही बोलायला वेळ होता. ताईने टॉवेल छातीशी घट्ट धरला आणि तोंड मिटून ठेवलं. हेडमास्तर पाण्याखाली गेले आणि वर आले तेव्हा त्यांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून श्वास येत नव्हता. मग तो आला, आणि त्यापाठोपाठ हसू. लोकांना वाटलं, म्हातारा आनंदाने थरथरतोय. ताईने त्यांना गुंडाळलं. टॉवेलाखाली त्यांची हाडं खडखडत होती. हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. हेडमास्तरांनी तिचा हात धरला.

"किती करता हो तुम्ही माझ्यासाठी," ते कसेबसे म्हणाले.

गुरुवारी न्यूमोनियाने ते गेले.

शनिवारी मंदिराच्या पंचांनी बैठक बोलावली. ताईने उत्तर तयार ठेवलं होतं, वीज गेली असेल म्हणून. पंचांपैकी एकाने तिच्याकडे वळून "ताई, हीटर..." एवढं म्हटलं असेल नसेल, तोच पाळक उठले.

"हीटर मी बंद केला होता. संध्याकाळी फेरी मारताना काढला आणि लावायचा विसरलो. ताईंचा काही संबंध नाही."

ताईला आधी हायसं वाटलं. पंचांनी पाळकांना महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं, तेव्हाही ती मूग गिळून बसली होती. शरम वाटायला तिला घरी पोहोचावं लागलं.

जायच्या दिवशी पाळक पुस्तकांचे गठ्ठे बांधत होते. ती आत येऊन उभी राहिली.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझ्या वतीने बोलायला?"

"कोणी नाही."

"मी मागितलं नव्हतं."

"नव्हतं मागितलं."

"मग निदान रागवा तरी. मी माणूस मारलाय."

पाळकांनी दोरीला गाठ मारली. "रागवायचं होतं, ताई. त्या पाण्यात उभा होतो तेव्हा तर फारच."

"आणि मी पंचांना खरं सांगितलं तर?"

"सांगा. नाही सांगितलंत तरी मी परत येऊन काही मागणार नाही."

तिला वाटलं, याने तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. मारलेलं निदान परत करता येतं.

तेवढ्यात धाकटा आत आला. तिला शोधत आला असावा, पण पाळकांना बघताच तो जागीच थांबला. पाळकांनी हात पुढे केला. धाकट्याने तो मनगटाने बाजूला उडवला.

"माझ्याशी बोलायला रोज एकच माणूस यायचा," तो म्हणाला. त्याचा आवाज रिकाम्या खोलीत घुमला. "समोर बसून, हळू बोलायचा. मला कळलं नाही तर पुन्हा बोलायचा. तुम्ही मारलंत त्याला."

"हो," पाळक त्याच्याकडे तोंड करून म्हणाले.

हेडमास्तर रोज येत होते हे ताईला ठाऊक नव्हतं. ती दिवसभर मंदिरात असायची आणि धाकट्याने ते कधी सांगितलं नव्हतं. बहुधा तिचा चेहरा बघूनच सांगितलं नसेल. धाकटा पाठ फिरवून दाराकडे निघाला आणि ताईच्या तोंडून ते निघालं, स्पष्ट, मोठ्याने.

"हीटर मी काढला होता. त्यांनी नाही. मी."

पाळक हातातली दोरी धरून थांबले. धाकटा दाराबाहेरच्या दोन पायऱ्या उतरला, बहीण मागून येत नाही हे बघून थांबला आणि वळला. तिचे ओठ अजून मिटले नव्हते.

"काय म्हणालीस?"

ती दारात आली, उजेडात, जशी ती त्याच्याशी बोलताना नेहमी उभी राहायची. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"सांभाळून उतर म्हटलं," ती म्हणाली. "पायऱ्या ओल्या आहेत."

धाकट्याने खाली पाहिलं. पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या.