घोड्यावरचा खड्डा

तीन संग्रहालयांनी मिळून वस्तूंच्या नोंदींची एकच पद्धत ठरवायची, हे ऐकायला सोपं. प्रत्यक्षात नुसती भांडणं. एकाची टोपली ती दुसऱ्याची करंडी, आणि तिसरा 'वेताची वस्तू' एवढं लिहून मोकळा! या सगळ्यांना एका ओळीत उभं करायचं काम नोंदणीबाईकडे होतं. कचेरीत तिला याच नावानं हाक मारत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तसं तिला आता कशाचंच काही वाटत नव्हतं. नवरा गेला, चार दिवसांनी ती कामावर हजर झाली, आणि लोक म्हणाले, बाई खंबीर आहे हो. खंबीर कसली डोंबलाची! बधिर झाली होती बिचारी. जेवायची, झोपायची, नोंदी करायची.

नवरा लाकडी कंगवे करायचा. घराच्या मागच्या खोलीत त्याचा घोडा होता, म्हणजे बसायचं लांबट बाकडं आणि त्याच्या पुढच्या टोकाला लाकूड धरायचा चिमटा. तो गेल्यावर हिनं घोडा आपल्याच संग्रहालयाला देऊन टाकला. देण्याआधी एकदा त्यावर बसली, तर चिमट्याशेजारचा एक गुळगुळीत खड्डा बरोबर तिच्या अंगठ्याखाली आला. हा त्याचाच, तिनं ठरवून टाकलं. इतकी वर्षं अंगठा टेकवून टेकवून झिजवलेला. घरात राहिला तर उद्या कोणीतरी घोडा मोडीत काढेल, संग्रहालयात खड्ड्याला कोणी हात लावणार नाही. जगात बाकी काही राहो न राहो, तो खड्डा तेवढा राहायला हवा होता.

आणि नव्या पद्धतीच्या चाचणीला नेमका तोच घोडा निघाला. नियम असा ठरला होता की वापरानं झालेली झीज असेल तर ती जपायची, आणि नुकसान असेल तर भरून सारखं करायचं. झीज म्हणायची तर तो वापर डोळ्यांनी पाहिलेली दोन माणसं हवीत. ही दोन माणसांची अट कोणी घातली? हिनंच, टेबलावर हात आपटून!

दुसऱ्या संग्रहालयाचे दुरुस्तीवाले आले होते. अंगाला कायम डिंकाचा वास, म्हणून सगळे त्यांना डिंकसाहेब म्हणत. त्यांनी खड्ड्याला भिंग लावलं.

"किडकी जागा कोरून काढलेली दिसतेय. भरून टाकू."

"झीज आहे ती," नोंदणीबाई म्हणाली. "मी पाहिलंय."

"तुम्ही एक झालात. दुसरं कोण?"

"सासूबाई आहेत."

सासूबाई घरी आधी फणफणल्या. "मला कशाला ओढतेस तुमच्या भानगडीत?"

"आई, दोन शब्द बोलायचेत फक्त. नाहीतर तो खड्डा बुजवतील ते."

सासूबाईंनी निवडायला घेतलेलं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "येते. पण जिने चढायला लावू नकोस, आधीच सांगून ठेवते."

बैठक अर्थातच वरच्या मजल्यावर होती.

"आजी, हा खड्डा तुमच्या मुलाच्या अंगठ्यानं पडलाय?" डिंकसाहेबांनी विचारलं.

सासूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. "त्याच्याच. आणखी कोणाच्या अंगठ्यानं पडणार?"

झालं. झीज म्हणून नोंद झाली. नोंदणीबाईला हायसं वाटायला हवं होतं, पण तेही वाटलं नाही.

खाली उतरताना सासूबाई कठडा धरून थांबल्या. "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"झालं."

"मग आता खरं ऐक. तो खड्डा त्याचा नाही. घोडा जुना घेतलेला, तेव्हापासूनच आहे तो. उलट वैतागायचा त्याच्यावर. लाकूड सरकायचं, बोट कापायचं. फडकं कोंबून काम करायचा. रविवार आला की म्हणायचा, आई, आज बुजवतोच. कसला बुजवतोय! एक नंबरचा आळशी."

"मला कधी बोलला नाही."

"तू दिवसभर इथं. त्याच्यापाशी मी बसायचे."

खरंच होतं. ती घरी पोचायची तेव्हा तो हात धूत असायचा. घोड्यावर काम करताना तिनं त्याला धड पाहिलंच नव्हतं.

"मग वर खोटं का बोललात?"

"तुझं तोंड बघवेना म्हणून."

नोंदणीबाई वळली आणि तडक वर गेली. डिंकसाहेब सामान आवरत होते.

"साहेब, चुकलं माझं. मी पाहिलं नव्हतं, उगाच म्हणाले. खड्डा आधीचाच आहे. बुजवा."

"अहो, आत्ताच तर..."

"बुजवा! त्याला बुजवायचाच होता. दर रविवारी म्हणायचा, आज बुजवतो, आज बुजवतो... आळशी मेला..."

आणि तिला रडू फुटलं. साधंसुधं नाही, सगळ्यांसमोर, हमसून हमसून. डिंकसाहेब भांबावून पाण्याचा ग्लास शोधायला लागले.

एवढ्यात सासूबाई उतरलेले जिने पुन्हा चढून, धापा टाकत दारात आल्या.

"पाणीबिणी काही देऊ नका तिला," त्या म्हणाल्या. "रडू दे. इतके दिवस घरात मी एकटीच रडत होते."