खिशाची बाजू

परवेज चित्राला सुतळी बांधत होता. टेम्पो येणार होता. नागपूरच्या प्रदर्शनात त्याचं चित्र घेतलं होतं, पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा.

दारात एक बाई येऊन उभी राहिली.

"जुने कपडे घेनारे तुमीच का?"

"हो. काहून?"

"भांडेवालीनं पत्ता देला. मी माहेरी गेली, अन् सासूनं माह्या मालकाचा शर्ट देऊन बादली घेतली. निळ्या चौकड्याचा. खिशाले लाल धाग्याचे टाके."

तिचं नाव सत्यवती. मालक कपाशीवर फवारताना विष चढून गेले, एवढंच ती म्हणाली.

परवेजचे हात थांबले. अकोल्याच्या जुन्या शहरात भांडेवाल्या त्याच्याकडे कपडे टाकत. तो ते जोडून शिवी, चौकटीवर ताणी आणि वर रंगाचे थर देई. माणूस, झाड, घर, त्याच्या चित्रात काहीच नसे.

त्यानं सुतळी सोडून चित्र तिच्यासमोर धरलं. तिनं पाहिलं.

"जळल्या तव्यावानी दिसते."

त्यानं चित्र उलटं केलं. मागे ठिगळांच्या मधोमध निळे चौकडे होते. तिनं खिशात दोन बोटं घातली. तंबाखूचा भुगा निघाला. तो तिनं पदराच्या गाठीत बांधला.

"एवढंच कापून द्या, भाऊ."

परवेजनं पातं उचललं. पलीकडे, रंगाच्या बाजूला, नेमका तिथंच काळ्यातला एकुलता एक उजेड होता. सारा उन्हाळा त्यात गेला होता. पातं कापडाला टेकलं, पण पुढे सरकेना.

"नाई जमत?"

बाहेर हॉर्न वाजला. त्यानं पातं ठेवलं.

"गाव कोन्तं?"

"वलगाव."

टेम्पोत चित्र चढवून दोघं पुढं बसली. ड्रायव्हर म्हणाला, "वलगाव? भाई, नागपूरवाले शिव्या देतीन."

"देऊ दे."

सत्यवतीच्या घरी सासू चुलीपुढून उठली नाही. दाराशी नवी बादली होती. परवेजनं भिंतीत खिळा ठोकला, चित्र टांगलं आणि दोन पावलं मागे सरकला. चित्रावर दाराचा उजेड बरोबर पडला होता.

सत्यवतीनं चित्र उतरवलं, फिरवलं. पण टांगायची तार आता पुढे आली. ती तशीच चित्र धरून उभी राहिली.

परवेजनं तार सोडली आणि रंगाच्या बाजूनं बांधली. कोपऱ्यात त्याची सही होती. चित्र टांगताना ती भिंतीला घासली.

"नीट हाय?" त्यानं विचारलं.

तिनं डोक्यावर पदर घेतला.

"जरा वर घ्या. ते उंच होते."