मंगळवार-शुक्रवारच्या गोळ्या

तो गुरुवार अगदी साधा होता. नोएमीच्या आईने, सातुर्निनाने, सकाळी उकडलेले बटाटे फडक्यात बांधून घेतले, लेकीबरोबर डोंगर उतरला आणि आरोग्य केंद्राच्या बाकावर बसून शेजारच्या अनोळखी माणसांनाही ते वाटले. धुकं थेट खिडकीला टेकलं होतं. बाहेरची नीलगिरीची झाडं त्यात हळूहळू विरघळत होती.

डॉक्टर फार्फान किनाऱ्याकडची, तिशीतली बाई.

"आजी, या महिन्यात तीनदा आकडी आली?"

"चारदा," नोएमी म्हणाली.

"एक तर मी पेंगत असताना येऊन गेली. ती कशाला धरतेस?" आई म्हणाली. "ही शाळेत मास्तरीण आहे हो, हिला सगळ्याचे गुण मोजायची सवय."

डॉक्टर हसली. "आकडी यायच्या आधी काही कळतं का तुम्हाला?"

आई खिडकीकडे बघत राहिली. "झाडांची सगळी पानं एकदम पालटतात. चंदेरी बाजू वर. वारा नसतो हं. मग लांब कुठेतरी पाण्याखाली घंटा वाजल्यासारखी वाटते. खरं सांगू का, बरं वाटतं तेव्हा. मग डोळे उघडावेत तर जीभ चावलेली, आणि ही पोरगी रडवेली."

"ती पानं पालटणं म्हणजेच आकडीची सुरुवात. दिसली की असाल तिथे खाली बसायचं. चुलीपासून, पाण्यापासून लांब." डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली. "आता आपल्यापुढे तीन वाटा आहेत. हेच औषध थोडं थोडं वाढवायचं. नाहीतर याच्या जोडीला दुसरं द्यायचं. सुरुवातीला चक्कर येईल. किंवा राजधानीत, लिमाला जाऊन मेंदूच्या तपासण्या करायच्या. आकडी एकाच जागेतून उठत असेल, तर कधी कधी तेवढी जागा काढता येते."

"डोकं उघडून?"

"हो."

"आणि आत काहीच सापडलं नाही तर? मग माझं डोकं रिकामं आहे, हे हिचंच म्हणणं खरं ठरायचं."

"आई, गप ना."

"पण आधी मला एक नीट सांगा," डॉक्टर म्हणाली. "गोळ्या रोज घेता ना? एखादा दिवस चुकला तरी आकडी येऊ शकते. रोज घेऊनही येत असेल, तर मला विचार वेगळा करावा लागेल."

"रोज घेते, डॉक्टरीणबाई."

डॉक्टरने नोएमीकडे पाहिलं.

वर गावात सगळ्यांना ठाऊक होतं की सातुर्निना लहानपणी पाण्याच्या पाटात पडली, तेव्हा घाबरून तिचा जीव अंगातून निसटला. मंगळवारी आणि शुक्रवारी गावची जाणती जस्ता म्हातारी सातुर्निनाची शाल हवेत फिरवायची आणि नाव घेऊन त्या जिवाला परत बोलवायची. गोळीने अंग पेंगतं, पेंगलेल्या अंगाला दाराशी आलेला जीव ऐकू येत नाही. म्हणून त्या दोन दिवशी गोळी चुलीत जायची. नोएमीने आकडीवर मिळेल ते वाचलं होतं. पण शाल डोक्यावरून फिरत असताना आईचा चेहरा असा निवळायचा, की वाचलेलं सगळं तिच्या घशातच राहायचं. आणि आता किनाऱ्याकडच्या बाईपुढे आईला खोटं पाडायचं?

तिने मान हलवली. हो, रोज.

डॉक्टरने औषध थोडं वाढवलं. दुसऱ्या औषधाचं पुढच्या महिन्यात बघू, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. आई एकटीच पाटावर लोकर धुवायला गेली. पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं.

ती गेल्याच्या पाचव्या दिवशी गावाच्या रिवाजाप्रमाणे बायका तिचे कपडे धुवायला नदीवर जमल्या. घागरे पाण्यात फुगून वर यायचे, जणू कुणी आत उभं राहून गिरकी घेतंय.

"हा घागरा तिने तीन लग्नांत नाचवला," एक म्हणाली.

"चार. चौथ्याला बोलावणंच नव्हतं तिला."

बायका हसल्या, मग कपडे पिळत राहिल्या. तेवढ्यात डॉक्टर फार्फान शहरी बुटांनी गोट्यांवरून घसरत खाली आली. जस्ता म्हातारीने तिला बसायला दगड दाखवला. ती बसली नाही. नोएमीसमोर उभी राहिली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "रोज गोळ्या घेऊनही त्यांना आकडी येत होती. दुसरं औषध मी त्याच दिवशी द्यायला हवं होतं. थांबले मी."

जस्ताचे हात पाण्यात थांबले. नोएमीला वाटलं, आता नुसतं गप्प राहिलं की झालं. ही बाई आपलं ओझं घेऊन डोंगर उतरेल, आणि आईच्या नावाला बट्टा लागणार नाही. नोएमीच्या हातातला ओला घागरा जड होत चालला होता. पाणी कोपरांवरून खाली निथळत होतं. तिने तो दगडावर ठेवला.

"ती मंगळवारी आणि शुक्रवारी गोळ्या घेत नव्हती," नोएमी म्हणाली. "मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत, आणि मी मान हलवली."