एवढं कपाट ठेवा

मी कपाट बोलतोय. सागवानी, दोन दारांचं, माणसाहून हातभर उंच. पत्र्याच्या कपाटासारखं करकरणं माझ्यात नाही आणि डुगडुगणंही नाही. आजवर कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं. आता उघडतोय, कारण ज्यानं बोलायला हवं होतं तो गप्प बसला.

मला एका सुतारानं घडवलं, स्वतःच्या मुलीसाठी. त्याच्या दुकानात नव्हे, तिच्याच घरी, झोपायच्या खोलीत. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि मध्येच वळणारा. आख्खं कपाट त्या वळणावरून जाणं शक्यच नव्हतं. म्हणून फळ्या खांद्यावरून वर आणून त्यानं मला तिथंच उभं केलं.

सुताराची एक रीत होती. मोठ्या कपाटाला तो खिळे मारत नसे, चिकटवायला सरस लावत नसे. लाकडात लाकूड बसवायचं आणि सांध्यात खुंट्या ठोकायच्या. घर बदललं तर खुंट्या काढा आणि कपाट उचला, असं तो गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायचा.

मला मात्र त्यानं सरस लावला. मुलगी लग्नानंतर भाड्याची दोन घरं सोडून या तिसऱ्या घरात आली होती. हिच्या पायाला भिंगरी आहे, हिचं मन कुठंच लागत नाही, ही त्याची जुनी तक्रार. ती इस्पितळात कामावर गेली, जावई बसच्या आगारात गेला, तेव्हा त्यानं स्टोव्हवर सरस शिजवला. माझ्या एकेका सांध्यात तो भरला आणि वर नेहमीसारख्या खुंट्या ठोकल्या. बाहेरून कुणाला काही कळू नये असं काम. शेवटची खुंटी ठोकून झाल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता हल बघू."

मी हललो नाही. तीही पुष्कळ वर्षं हलली नाही. ते माझ्यामुळे, असं सुताराला वाटत असावं. मला तसं कधी वाटलं नाही.

ती परिचारिका, तो मेकॅनिक. मूलबाळ नव्हतं. पगार झाला की घरात एखादी वस्तू यायची. चादरी माझ्यात, पाहुण्यांसाठीचे कप माझ्यात, बिघडलेला कॅमेरा माझ्यात. माणसं वस्तू आणतात तेव्हा हौसेनं आणतात, आणि मग तिला कपाटात कोंडून विसरतात. मी तक्रार केली नाही. पोटात ठेवणं हाच माझा धंदा.

मग जावयानं एक जुनी, दणकट मोटरसायकल आणली आणि सुट्टीच्या दिवशी खाली अंगणात तिचा एकेक भाग खोलून परत जोडायला लागला. घरात नकाशे आले. दोघं जमिनीवर पालथे पडून नकाशावर बोटं फिरवायचे. शेवटी ठरलं. नोकऱ्या सोडायच्या, घर सोडायचं, आणि मोटरसायकलवर बसून निघायचं. दोन वर्षं, जमलं तर जास्त. कशासाठी, ते मला विचारू नका. एका जागी उभं राहायचं सोडून कपाटाला दुसरं काय कळणार.

आवराआवर सुरू झाली. मोटरसायकलच्या दोन बाजूंना दोन पेट्या. त्यांत मावेल तेवढंच आपलं, बाकीचं द्यायचं. माझी दारं सताड उघडी राहू लागली. जावई प्रत्येक वस्तू हातात घेऊन तोलायचा आणि म्हणायचा, हिला पेट्रोल पाजायचं का? चादरी गेल्या. कप गेले. कॅमेरा गेला. एक जाड स्वेटर तिनं पेटीत घातला, काढला, परत घातला. तो हसला तशी चिडून तिनं तो अंगातच चढवला आणि तशीच घाम पुसत काम करत राहिली.

शेजारीण रोज डोकावायची. मी आपली नुसती बघायला आले, असं म्हणायची आणि जाताना कढई घेऊन जायची. एकदा आरसा नेला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, तुमच्या आरशात मी लठ्ठ दिसते गं. पण परत काही आणला नाही.

खोली रिकामी होत गेली. भिंतीवर तसबिरींचे चौकोन उरले. मी तेवढा उभा होतो. जावई म्हणाला, याला आता हँडलला बांधू का? ती हसली नाही. तिनं बाबांना बोलावून घेतलं.

सुतार आला. थकला होता, पण जिन्याचा कठडा त्यानं धरला नसणार. त्याचा श्वासच तसं सांगत होता. रिकाम्या खोलीवरून नजर फिरवली आणि जावयाला म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपलात. आता आपल्या गाडीशेजारी झोपा."

जावई नेहमीसारखा हसला आणि काहीतरी निमित्त काढून खाली गेला.

मुलीनं माझ्या दारावर हात ठेवला. म्हणाली, "बाबा, सगळं देऊन टाकलं. एवढं कपाट मात्र ठेवा तुमच्याकडे. खुंट्या तुम्हीच काढा, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी. परत आले की कुठून तरी सुरुवात करायला हवी ना."

सुतारानं माझ्याकडे पाहिलं. खुंट्या काढून मी सुटणार नव्हतो, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तिनं आपल्या तोंडानं रीत सांगितली होती, त्याचीच. तुला जखडायला मी सरस लावला होता, एवढंच त्यानं म्हणायला हवं होतं. पोर रागावली असती, कदाचित हसली असती. ते म्हणण्याऐवजी तो म्हणाला, "माझ्याकडे जागा नाही."

"मागची खोली रिकामीच आहे की."

"तुझा पसारा मी का सांभाळू? जायचं तर सगळं सोडून जा."

तिनं माझ्या दारावरचा हात काढून घेतला. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे परत यायचं ते कुणाकडे, तेही सांगून टाका."

सुतार जिना उतरून गेला. आणि ती मला टेकून, स्वेटर घालून, जमिनीवर बसून राहिली. तिच्या पाठीची ऊब मला लागत होती. मी लाकूड आहे, माझा काही इलाज नव्हता.

निघायच्या सकाळी तिनं घरमालकाला सांगितलं, कपाट हवं तर ठेवा, नको तर काढा. माझी दारं लावून घेतली. खाली इंजिन सुरू झालं, बंद झालं. बराच वेळ बंदच राहिलं. गल्लीच्या तोंडाकडे ते दोघं बघत असणार. मग परत सुरू झालं, आणि आवाज लांब गेला.

घरमालकाला खोली मोकळी हवी होती. त्यानं करवतवाल्याला सांगून ठेवलं होतं. पण त्याच्या आधी, दुसऱ्याच दिवशी, सुतार आला. हातात मोगरी, पटाशी, किटली आणि जुन्या फडक्यांचं गाठोडं.

शिजवलेला सरस ऊन पाण्यानं सुटतो. हे त्याला तेव्हाही माहीत होतं. पाणी उकळायचं, फडकी बुडवून सांध्याला गुंडाळायची, थांबायचं, मोगरीनं हलकेच ठोकायचं. बोटं भाजून घेत तो काम करत राहिला. फरशी ओली झाली म्हणून घरमालक कुरकुरला. सुतारानं वर पाहिलं नाही. माझे सांधे एकेक करून सुटले. ठेवा एवढं, असं ती म्हणाली तेव्हाच हे करता आलं असतं. तिनं किटली भरून दिली असती.

आता मी त्याच्या मागच्या खोलीत उभा आहे. या वेळी सरस नाही, नुसत्या खुंट्या.

मध्यंतरी तिचा फोन आला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून आवाज मोठा ठेवतो. मला सगळं ऐकू आलं. तंबू गळतो म्हणाली, रस्ता छान आहे म्हणाली. मग विचारलं, "बाबा, कपाटाचं काय झालं हो?"

त्याची पाठ मला टेकलेली होती.

"मला काय ठाऊक," तो म्हणाला. "घरमालकाला विचार."

ती बरं म्हणाली. जावयानं मागून, सासरेबुवा जेवलात का, असं ओरडून विचारलं. जेवलो म्हणाला. जेवला नव्हता. फोन ठेवल्यावर तसाच उभा राहिला, मला टेकून.

पोरी, माझं बोलणं फोनमधून जात नाही, म्हणून इथे सांगतो. तू येशील तेव्हा तो दारातच काहीतरी टाकून बोलेल. मनावर घेऊ नकोस. त्याला ओलांडून आत ये. मी खिडकीशेजारी आहे, आणि रिकामा आहे. तो स्वतःचा सदरा खुर्चीच्या पाठीवर टाकतो. माझ्यात ठेवत नाही.